बाईंची कॅसेट

“पुसायचं न्हाई.”

बाई दुकानात शिरायच्या आधी त्यांचा आवाज शिरायचा. मग पर्समधून कॅसेट बाहेर, केसातली पिन हातात, आणि कॅसेटच्या कडेला असलेल्या प्लास्टिकच्या दोन छोट्या पाकळ्या कटकन मोडलेल्या. एवढं झालं की मगच ती कॅसेट कॉप्या काढायला काउंटरवर. तुमच्यापैकी ज्यांनी तो जमाना पाहिलाय त्यांना ठाऊक असेल, त्या पाकळ्या मोडल्या की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. आत जे बोललं गेलंय ते तसंच राहतं. लोक बारशाच्या नाहीतर वडिलांच्या आवाजाच्या कॅसेटची अशी काळजी घ्यायचे. बाई स्वतः चित्रांवर बोललेल्या कॅसेटची घ्यायच्या.

नव्वदच्या दशकात शाहूपुरीत माझं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. सिनेमातली गाणी भरून देणं, लग्नातल्या भाषणांच्या कॉप्या काढणं, भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग, हा माझा धंदा. चित्रातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. कोल्हापुरात राहून चित्रातलं कळत नाही म्हणायची तशी सोय नाही, इथे चहाच्या गाडीवर उभा असलेला दर तिसरा माणूस कुणातरी चित्रकाराचा शिष्य निघतो. मी आपला मान हलवून वेळ मारून न्यायचो. बाईंनी माझी ती सोय घालवली.

त्या एका शिक्षणसंस्थेच्या हायस्कुलात चित्रकलेच्या शिक्षिका. उंच, सावळ्या, खांद्यावर कायम एक काळी पर्स. मूळच्या नेसरीच्या. वडील छप्पन्न सालानंतर बौद्ध झालेल्या पिढीतले, रेल्वेत नोकरी करून त्यांनी मुलींना शिकवलं. आमच्याकडच्या बायका बोलतात तसं बाई ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलायच्या, आणि वर्गात, दुकानात, चित्रासमोर एकाच पट्टीत बोलायच्या. हळू बोलणं त्यांना जमतच नव्हतं.

आधी त्या लिहायच्या. एका पेपरात त्यांनी एका प्रदर्शनावर मजकूर दिला. त्यात लिहिलं होतं, ‘ह्या चित्रातला निळा मेलेला आहे.’ छापून आलं, ‘निळ्या रंगाचा संयत वापर मनाला भावतो.’ बाई तडक पेपरच्या कचेरीत गेल्या. तिथले गृहस्थ म्हणाले, “अहो बाई, चित्रकार आपलेच आहेत सगळे. आणि तुमची भाषा जरा शुद्ध केली, एवढंच.” नंतर रेडिओवर बोलावणं आलं, तर तिथे आधी लिहून द्या, आम्ही तपासू, मग तेच वाचा.

“माझं मेलेलं त्यांनी जित्तं केलं की हो दादा,” बाई मला सांगत होत्या. “आता मी कागदावर काय बी देत न्हाई. माझ्या तोंडातनं निघंल ते माझंच ऱ्हाईल.”

आणि त्यांनी एक छोटा टेपरेकॉर्डर घेतला. पुढे अशा बोलण्याला पॉडकास्ट म्हणायला लागले. तेव्हा आमच्याकडे त्याला नावच नव्हतं. चित्रकार मंडळी ‘बाईंची कॅसेट आली का?’ एवढंच विचारायची. विचारताना चेहरा असा करायची, जणू सहज विचारलंय.

बाईंची पद्धत सांगतो. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये दुपारी, माणसं नसताना जायचं. चपला दाराशी काढायच्या नाहीत, मुद्दाम घालून ठेवायच्या. का, ते कॅसेट ऐकली की कळायचं. “मी आता दारात उभा हाय,” असं सुरू व्हायचं. मग चपलांचा आवाज. “आता जवळ आलो.” पुन्हा चपला. “आता लांब. लांबनं झाड वाटतंय, जवळनं रंग वाटतोय, हे बरोबर हाय.” त्या किती अंतरावरून काय म्हणतायत हे ऐकणाऱ्याला पावलांवरून समजायचं. मागे पंख्याचा घरघराट, हॉलच्या राखणदाराचं खोकणं, रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षा. मी सुरुवातीला म्हणालो, “बाई, हा कचरा गाळून देतो.”

“मी चित्र काय कपाटात बसून बघितलं व्हय? असू दे की.”

एकदा एका तरुण पोराचं गुऱ्हाळाचं चित्र होतं. उकळती कढई, वर वाफ. कॅसेटमध्ये बाई त्याला सोलून काढतायत. “ही वाफ न्हाई, कापूस हाय. ह्यानं गुऱ्हाळ लांबनं बघितलंय, चिपाडावर बसून काकवी खाल्ली न्हाई कधी.” मग बराच वेळ काही नाही, नुसता पंखा. मग एकदम राखणदाराला, “मामा, ती खिडकी लावा की जरा.” खिडकी लागल्याचा धाडकन आवाज. चपला पुढे, चपला मागे. आणि मग: “थांबा. मी चुकलो. चित्रावर ऊन पडलं होतं. वाफच हाय ही. चांगली हाय. मगाशी बोललो ते चूक.”

मी म्हटलं, “आधीचं कापतो. सरळ चांगलं म्हणाल्याचंच ठेवतो. त्या पोरालाही बरं वाटेल.”

बाई माझ्यावर अशा काही डाफरल्या की शेजारचा घड्याळवाला बाहेर येऊन बघायला लागला. “माझी चूक कापली तर मी कसा बघतो ते ऐकणाऱ्याला कळणार कसं? लिवलेलं खोडता येतंय म्हणून तर सगळे छान छान लिवत्यात! पुसायचं न्हाई म्हंजे न्हाई.”

तो पोरगा पुढे मला म्हणाला, त्याने ती कॅसेट इतक्यांदा ऐकली की टेप ताणली गेली. आधीच्या शिव्यांसकट ऐकली.

मलाही सवय लागली. दुकानात कॉप्या काढताना ऐकत बसायचो. आणि मग एखाद्या दुपारी शटर ओढून हॉलमध्ये जाऊन ते चित्र बघून यायचो. त्या म्हणाल्या ते दिसतंय का, हे तपासायला. कधी दिसायचं, कधी नाही. नाही दिसलं तर मी त्यांच्याशी भांडायचो. बाईंना तेच हवं असायचं. चित्राबद्दल भांडायला लागणारा मी, हे माझं मलाच पटत नव्हतं.

आता ज्यावरून सगळं पेटलं ते सांगतो.

बाईंचे गुरुजी मंगळवार पेठेत राहायचे. मोठं नाव. व्यक्तिचित्रं करून घ्यायला लोक लांबून त्यांच्याकडे यायचे. बाई तरुणपणी नेसरीहून चित्रकला शिकायला आल्या तेव्हा दोन ठिकाणी आडनाव विचारून झाल्यावर जागा भरल्याचं सांगितलं गेलं. गुरुजींनी आडनाव विचारलं नाही. खडू दिला आणि एक रेघ मारायला सांगितली. गुरुजींचा फोटो त्यांच्या घरात वडिलांच्या फोटोशेजारी होता.

गुरुजींच्या स्टुडिओत एक रीत होती, कोल्हापुरात पुष्कळ ठिकाणी होती. मोठं काम आलं की कपडे, खुर्ची, मागचा पडदा शिष्यांनी रंगवायचा. तोंड आणि हात मात्र गुरूने. हात चुकला की माणूस चुकला, हे गुरुजींचं वाक्य बाई आपल्या वर्गातल्या पोरांना ऐकवायच्या.

बाई ज्या संस्थेत नोकरीला, तिच्या अध्यक्षांची पंचाहत्तरी आली. संस्थेने गुरुजींकडून अध्यक्षांचं मोठं तैलचित्र करून घेतलं. शाळेत लावण्याआधी ते वार्षिक प्रदर्शनात ठेवलं होतं. हार घातलेलं. सगळं गाव बघून गेलं, वाहवा झाली. आणि एका दुपारी बाई आपला टेपरेकॉर्डर घेऊन तिथे उभ्या राहिल्या.

ती कॅसेट पहिल्यांदा ऐकताना मी मधेच आवाज कमी केला. “तोंड साहेबांचं हाय. लई झ्याक हाय. गुरुजींशिवाय कुणाला जमणार न्हाई.” चपला. “मागचा पडदा मळका झालाय.” चपला. मग आवाज बदलला. “पण हे हात कुणाचे? साहेबांचे न्हाईत. कुणाचेच न्हाईत. गुरुजी, तुम्ही हे हात बघून काढले न्हाईत, मनानं मारलेत. आम्हाला हातासाठी चार-चार महिने घासायला लावलंत. मग हे काय केलंत?” शेवटच्या वाक्याला बाईंचा आवाज फाटला होता.

“बाई,” मी म्हणालो, “ही बाहेर काढू नका. एकीकडे तुमचे गुरू, दुसरीकडे तुमचा पगार. दोन्हीकडून जाल.”

त्यांनी केसातली पिन काढली आणि पाकळ्या मोडल्या. कॅसेट माझ्यापुढे सरकवली आणि कॉप्या काढायला सांगितलं. मला त्यांचा राग आला आणि त्यांच्यासाठी भीतीही वाटली.

कॅसेट आठवड्यात गावभर झाली. एरवी बाईंना नावाजणारे लोकही उलटले. ज्याने जागा दिली त्यालाच चावली, असं तोंडावर बोलायला लागले. बाई उत्तर द्यायच्या, “जागा दिली ती बघाय शिकवाय दिली. गप बसाय न्हाई.” संस्थेची दोन माणसं माझ्या दुकानात आली.

“पावणं, ती बाईंची मूळ कॅसेट द्या.”

“मूळ बाईंकडं हाय. माझ्याकडं नुसत्या कॉप्या.”

“मग त्या पुसा. पाकळ्यांच्या जागी चिकटपट्टी लावली की पुसता येतंय, आम्हास्नी म्हाईत हाय.”

“शाहूपुरीतल्या माझ्या पुसतो की,” मी म्हणालो. “पण मंगळवार पेठेतल्या, रंकाळ्याकडच्या, इचलकरंजीला गेलेल्या कोण पुसणार? तेवढी चिकटपट्टी हाय का तुमच्याकडं?” मला हे बोलून फार बरं वाटलं. ते गेल्यावर त्या दिवसापुरतं मी शटर ओढून घेतलं ते वेगळं.

बाईंना संस्थेच्या कचेरीत बोलावलं. माफी लिहून द्या, कॅसेट जमा करा, विषय मिटला, असं अध्यक्षांनी सांगितलं. बाईंनी त्यांना विचारलं, “साहेब, तुम्ही खरं सांगा. ते हात तुम्हाला तरी तुमचे वाटत्यात का?”

हे बाई मला दुकानात येऊन सांगत होत्या. “मग?” मी विचारलं.

“मग काय. त्यांनी आपले हात टेबलाखाली घेतले.” बाई खो खो हसल्या. हसता हसता डोळे पुसले. “दादा, गुरुजींनी बोलावलं असतं तर मी पायावर डोकं ठेवलं असतं. पण हात चांगले आलेत म्हणालो नसतो. त्यांनी बोलावलंच न्हाई.”

गुरुजींचं ते गप्प राहणं बाईंना जाळत होतं. नोकरीचं त्या हसण्यावारी नेत होत्या.

बदलीचा हुकूम निघाला. संस्थेची एक शाखा होती, लांबची, जिथे शिक्षा म्हणून माणसं पाठवायचे. ती नेमकी नेसरीला. हुकूम घेऊन बाई दुकानात आल्या त्या फुलून. “माझ्याच गावाला पाठवत्यात मला, शिक्षा म्हणून! माझा आजा त्या गावात शाळंच्या पायरीखाली उभा ऱ्हायचा. मी खुर्चीवर बसाय चाललोय. ह्यांस्नी शिक्षा देता बी येत न्हाई बघा.” दुसऱ्या दिवशी त्या सामान घेऊन एसटीत बसल्या. खिडकीतून त्यांनी हात केला नाही, समोर बघत राहिल्या.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी दुकानासमोर रिक्षा थांबली आणि गुरुजी उतरले. पांढरं धोतर, काळा कोट. मी गडबडून स्टूल पुसलं.

“ती कॅसेट लाव,” ते म्हणाले. “लोकांनी काय सांगितलं ते ऐकलंय. तिनं काय सांगितलं ते ऐकू दे.”

मी चहा मागवला. त्यांनी बशी उचलली तेव्हा मला दिसलं. बशी थरथरत होती, चहा धोतरावर सांडत होता. त्यांनी ती खाली ठेवली आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. बाईंचा आवाज फाटला तिथे त्यांची हनुवटी हलली. मग म्हणाले, “आता मशीन माझ्याम्होरं धर. मला बी बोलायचंय.”

ते जे बोलले ते मला पाठ आहे.

“पोरी, हात मी मनानं मारलं न्हाईत. हात मी काढलंच न्हाईत. सालभर झालं, माझा ब्रश रेघंवर ऱ्हात न्हाई. तोंड कसंबसं केलं, एका हातानं दुसरा हात धरून. हात जमंनात. शिष्याकडनं काढून घेतलं आणि सही माझी केली. ते काम मी घ्यायलाच नको होतं. एवढं गाव बघून गेलं, माझ्या तोंडावर वाहवा करून गेलं. एकानं वळखलं न्हाई गं. त्या वाहवेनं मला झोप आली न्हाई. तू वळखलंस.” मग खाकरून, एकदम मास्तरकीच्या आवाजात: “पण पडद्याला मळका म्हणालीस ते चूक. पडदा चांगला हाय. भांडायचं असंल तर ये.”

मी विचारलं, “गुरुजी, हे बाहेर गेलं तर तुमचं नाव...”

“ती काय म्हणती कॅसेट देताना?”

“पुसायचं न्हाई म्हणतात.”

“मग विचारतोस कशाला?”

रविवारी बाई नेसरीहून आल्या. मी त्यांना स्टुलावर बसवून कॅसेट लावली. त्या रडल्या, दुकानात गिऱ्हाईक असताना, पदर तोंडाला न लावता मोठ्याने रडल्या. मग उठल्या, नळावर तोंड धुतलं आणि म्हणाल्या, “माझं कारण चुकलं. हात खोटे ते खोटेच. आणि पडदा मळकाच हाय.” आणि पर्स उचलून मंगळवार पेठेकडे भांडायला निघाल्या. त्या दिवशी दोघं दिवेलागणीपर्यंत भांडली असं ऐकलं.

बदली रद्द झाली नाही. बाईंनी तसा अर्जही केला नाही. निवृत्त होईपर्यंत त्या नेसरीलाच राहिल्या. पण त्यानंतरच्या कॅसेटची एक बाजू बाईंची आणि दुसरी गुरुजींची असायची. बाई बोलणार, गुरुजी ऐकून खोडून काढणार. ब्रश सुटला होता, पण गुरुजींची नजर शाबूत होती आणि जीभ तर फारच.

बाईंना कोल्हापूरला येता आलं नाही तर त्या तिकडचं काहीही बोलायला घ्यायच्या. एसटी स्टँडवरच्या भिंतीवरची चित्रं, बाजारातल्या दुकानांच्या पाट्या, देवळातली नवी रंगरंगोटी. देवळाची कॅसेट ऐकून एकजण म्हणाला, आमच्या देवळावर बोलतात, स्वतःच्या विहारावर बोलून दाखवा म्हणावं. पुढची कॅसेट विहाराच्या भिंतीवरच्या बुद्धावर. “ध्यान लागलंय का डोळा लागलाय, कळंना. खांदे बघा, दमून बसल्यागत. माझ्या भावकीनं वर्गणी काढून काढलंय, म्हणून मी सोडीन व्हय?” भावकी महिनाभर बोलत नव्हती. मग त्यांनीच बाईंना पुढे बसवून खांदे नव्याने रंगवून घेतले.

पुढे सीड्या आल्या, मग त्याही गेल्या, माझ्या दुकानात मोबाइलची कव्हरं लटकायला लागली. जुन्या कॅसेट मी एकेक करून संगणकावर घेतल्या आणि इंटरनेटवर टाकल्या. गाळल्या नाहीत, कापल्या नाहीत. बाईंना दाखवलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “पंखा ऐकू येतोय का?”

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी बाई गेल्या. पहाटे छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी नेसरीला गेलो आणि परत आलो, पण ती बातमी माझ्या अंगात शिरलीच नाही. पुष्कळ दिवस दुकानाच्या दाराशी कुणी मोठ्याने बोललं की मी वर बघायचो.

कोल्हापुरात प्रदर्शनाच्या त्याच हॉलमध्ये शोकसभा ठेवली. वर्गात शिकवण्यापलीकडे बाई स्वतःसाठीही चित्रं काढायच्या हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या धाकट्या बहिणीने घरात सापडलेलं एक चित्र आणलं होतं. नेसरीच्या शाळेचा व्हरांडा, वर्गाचं दार, दाराबाहेर मुलांच्या चपला, आणि वर पावसाळी आभाळ. चित्राला हार घातला होता. संस्थेचे नवे अध्यक्ष, म्हणजे जुन्यांचे चिरंजीव, मुख्य पाहुणे. एकेक जण उठून बोलत होता. बाई मृदुभाषी होत्या असं एकजण म्हणाला तेव्हा मला ओरडावंसं वाटलं. चित्राबद्दल तर सगळ्यांचं एकच, किती सुंदर, किती हळुवार.

गुरुजी पुढच्या रांगेत बसले होते. ऐंशीच्या पुढे गेलेले, काठी टेकून. ते उठले. सूत्रसंचालकाने माइक पुढे केला तो त्यांनी बाजूला सारला आणि मागे वळून मला हाक मारली. “मशीन आणलंस का रं?”

मी आणलं होतं. सवयीने. मी ते घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो.

गुरुजी चित्रासमोर गेले. थरथरत्या हाताने त्यांनी हार काढला आणि तो बाजूच्या खुर्चीवर ठेवला. “हार मधी येतोय,” ते म्हणाले. “चपला चांगल्या आल्यात. लई चांगल्या. एकेक चप्पल एकेका पोराची हाय, वळखू येती. पण दार चुकलंय. दारातला उजेड आतनं याय पायजे, हिनं बाहेरनं आणलाय.”

सभागृहात कुजबुज सुरू झाली. अध्यक्ष अर्धवट उठून म्हणाले, “गुरुजी, आज शोकसभा आहे.”

“म्हणूनच बोलतोय,” गुरुजी वळलेही नाहीत. “खोटं कौतुक तुमी करा, तुमचं झालंय करून. माझ्या पोरीचं चित्र हाय हे. मी ते नीट बघणार.”

त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. माझंही तेच चाललं होतं. कुणीतरी त्यांचा दंड धरायला आलं, मी त्या माणसाला माझ्या अंगाने अडवलं. गुरुजी काठी टेकत आणखी एक पाऊल पुढे सरकले, नाक जवळजवळ रंगाला लागेल इतके.

“हं,” ते म्हणाले. “आता आभाळ बघू.”